हवा शुद्ध आहे म्हणे!

मेलबर्नला नव्याने आलेला मराठी माणूस पहिल्या महिन्यात घरी फोन करून तीन गोष्टी हमखास सांगतो. एक, इथे कोणी हॉर्न वाजवत नाही. दोन, दूध मस्त मिळतं. आणि तीन, "हवा काय शुद्ध आहे, विचारू नका!" मग पुरावा म्हणून फोनवरच्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर पडतो. हिरवागार आकडा, अठरा किंवा वीस. खाली कोणीतरी पुण्याचा दीडशेचा आकडा डकवतं. मामांचे जोडलेले हात येतात, काकूंचा अंगठा येतो, आणि एखादा चुलतभाऊ "नशीबवान आहेस रे" म्हणून मोकळा होतो.

महिना ऑक्टोबर-नोव्हेंबरचा असेल, तर तो स्क्रीनशॉट पाठवणारा माणूस त्याच वेळी दुसऱ्या हाताने नाक पुसत असतो. डोळे लाल, घशात खाज, सकाळी उठल्यावर ओळीने पंधरा शिंका. पण आकडा हिरवा आहे ना? मग हवा शुद्धच!

मला ह्या हिरव्या आकड्याशी भांडायचंय. आकडा खोटा नाही, हे आधीच सांगतो. ज्या गोष्टी त्याला मोजायला सांगितल्या आहेत, त्या तो इमानदारीत मोजतो. तक्रार एवढीच, की आपण त्याला विचारतो एक आणि तो उत्तर देतो दुसऱ्याच प्रश्नाचं. आणि हे नुसतं शब्दांचं भांडण नाही. ह्याच शहरात ह्याच गोंधळापायी माणसं मेली आहेत, आणि त्यांच्यात आपल्यासारखे लोक जास्त होते. त्यावर येतोच.

आधी तो आकडा काय मोजतो ते बघू. भारतातला एक्यूआय आठ गोष्टींवर बेतलेला आहे: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय मानकांची यादीही साधारण अशीच, फक्त अमोनिया नाही. दोन्ही याद्यांत परागकण नाहीत. पीएम १० म्हणजे ढोबळमानाने दहा मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण. मोजणाऱ्या यंत्राचं तोंडच असं बनवलेलं असतं, की त्याहून मोठे कण आत येण्याआधीच वेगळे पडावेत. आणि गवताचा परागकण असतो साधारण तीस मायक्रॉनचा. म्हणजे यंत्र त्याला मोजायला विसरलेलं नाही, तर दारातूनच परत पाठवतंय.

बरं, समजा दार उघडं ठेवलं. तरी काय दिसेल? एक ढोबळ गणित करून बघा, बारावीच्या पुढचं काही लागत नाही. तीस मायक्रॉन व्यासाचा गोळा, घनता पाण्याएवढी धरा. वजन येतं साधारण चौदा नॅनोग्रॅम. इथे मेलबर्नमध्ये एका घनमीटर हवेत गवताचे शंभर परागकण सापडले, की त्या दिवसाला 'एक्स्ट्रीम' म्हणतात. म्हणजे शंभर गुणिले चौदा, झाले जेमतेम दीड मायक्रोग्रॅम. भारतात पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा साठ मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची कडक मर्यादासुद्धा पंधरा आहे. म्हणजे ज्या दिवशी निम्मं शहर शिंकतंय, त्या दिवशी वजनाच्या भाषेत हवेत फक्त दीड मायक्रोग्रॅमची भर पडली! आकडा हिरव्याचा पोपटीसुद्धा होणार नाही.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको. रात्री दोनला फोन येतो, लॉगिन बंद पडलंय, कस्टमर बोंबलतोय. तुम्ही मॉनिटरिंगचा डॅशबोर्ड उघडता, तर सगळं हिरवं. सीपीयू ठीक, मेमरी ठीक, डिस्क ठीक. कारण जी गोष्ट बंद पडलीये, तिच्यावर कोणी अलार्मच लावलेला नाही. अशा वेळी "डॅशबोर्ड हिरवा आहे, म्हणजे कस्टमर खोटं बोलतोय" असं म्हणणाऱ्याला आपण टीममध्ये ठेवतो का? मग स्वतःच्या नाकाला मात्र आपण हेच सांगत असतो.

आता २१ नोव्हेंबर २०१६. तारीख ऐकल्यावर तुम्हाला काहीच आठवणार नाही, ह्याची मला खात्री आहे. त्या वेळी भारतात नोटाबंदी होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, आणि अख्ख्या देशासारखा एटीएमच्या रांगेत होतो. मेलबर्नमध्ये काय झालं हे कळायला ना वेळ होता, ना उत्सुकता.

तो सोमवार होता. पारा ३५ अंशांच्या आसपास, उत्तरेचा गरम वारा, आणि हवेत घनमीटरला १०२ परागकण. संध्याकाळी लोक ऑफिसातून घरी निघायच्या वेळेला शहरावरून वादळ सरकलं. वादळ म्हणजे आपल्या वळवासारखं. गडगडाट, अंधारून येणं, सुसाट गार वारा, आणि पारा एकदम खाली. लोक बाहेर येऊन उभे राहिले, कारण दिवसभराच्या उकाड्यानंतर गार वारा कोणाला नको असतो? आणि मग थोड्याच वेळात हजारो माणसांना एकाच वेळी श्वास घेता येईना.

पुढच्या तीस तासांत मेलबर्न आणि जिलाँगच्या इस्पितळांच्या इमर्जन्सीत श्वसनाचा त्रास घेऊन आलेले लोक नेहमीपेक्षा ३,३६५ ने जास्त होते. दम्यासाठी भरती केलेले नेहमीपेक्षा ४७६ ने जास्त. अँब्युलन्स पुरेनात, फोन उचलायला माणसं पुरेनात, औषधांच्या दुकानांतले पंप संपले. दहा जण गेले.

कुठे वायुगळती नव्हती, आग नव्हती. होतं ते गवत आणि वादळ.

ही भानगड नेमकी होते कशी? तीस मायक्रॉनचा अख्खा परागकण आपल्या नाकातच अडकतो. नाक त्यासाठीच आहे. म्हणून त्याने शिंका येतात, नाक वाहतं, डोळे चुरचुरतात. हे झालं हे फीवर. छातीपर्यंत तो सहसा पोचत नाही. पण हाच कण ओलाव्यात सापडला की पाणी शोषून फुगतो आणि फुटतो. मेलबर्न विद्यापीठातल्या सुफिओग्लू, मोहन सिंग, नॉक्स वगैरे मंडळींनी १९९२ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं, की रायग्रासचा एक परागकण फुटला की त्यातून सुमारे सातशे स्टार्चचे कण बाहेर पडतात, तीन मायक्रॉनपेक्षा लहान, आणि त्यांच्यावर अ‍ॅलर्जी करणारं प्रथिन असतं. हे कण नाकात थांबत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या बारीक नळ्यांत उतरतात. वादळातला वर चढणारा वारा परागकण ढगापर्यंत ओढून नेतो, तिथल्या दमट हवेत ते फुटतात, आणि खाली आदळणारा गार वारा तो सगळा चुरा जमिनीलगत आणून सोडतो. बरोब्बर तिथे, जिथे आपण "अहाहा, काय वारा सुटलाय" म्हणत उभे असतो. वादळात नेमकं काय किती होतं ह्यावर शास्त्रज्ञांचं अजून काम चालू आहे, पण ढोबळ गोष्ट ही.

साल बघा, १९९२. २०१६ च्या चोवीस वर्षं आधी. त्याच शहरात, त्याच गवतावर. १९८७ आणि १९८९ सालीही मेलबर्नमध्ये असे प्रकार झाले होते. लंडनमध्ये २४ जून १९९४ च्या वादळानंतर ६४० माणसं इमर्जन्सीत पोचली होती. माहिती होती, शोधनिबंध होते, इतिहास होता, पण २०१६ च्या त्या संध्याकाळी धोक्याची सूचना देणारी यंत्रणा नव्हती. ती १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाली. बग रिपोर्ट चोवीस वर्षं ओपन, आणि प्रॉडक्शन कोसळल्यावर वर्षभरात फिक्स. ओळखीचं वाटतंय ना? :)

हसण्यासारखं एवढंच. पुढचे आकडे जरा शांतपणे वाचा.

ह्या घटनेचा सविस्तर अभ्यास २०१८ साली 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये आला. इमर्जन्सीत आलेल्या १,४३५ जणांनी प्रश्नावली भरून दिली होती. सरासरी वय ३२. पुरुष ५६ टक्के. डॉक्टरांनी निदान केलेला चालू दमा फक्त २८ टक्क्यांना. आशियाई किंवा भारतीय वंशाचे ३९ टक्के, जेव्हा शहराच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा २५ टक्के होता. आणि जे दहा जण गेले, त्यांतले सहा आशियाई किंवा भारतीय वंशाचे.

सरासरी वय बत्तीस, बहुतेकांना दमा "नाही", आणि आपल्या वंशाची माणसं प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त. हे वर्णन कोणाचं आहे? मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक भागात कुठल्याही शनिवारी सकाळी क्रिकेटच्या मैदानावर जा. वर्णन बॅट घेऊन उभं असतं.

"म्हणजे आपलं रक्तच असं?" असं एका मित्राने मला विचारलं. तसं म्हणायची गरज नाही, त्याहून साधी कारणं समोर आहेत. अ‍ॅलर्जी जन्माला येताना सोबत आणावी लागत नाही, ती इथे येऊनही कमावता येते. मेलबर्नला स्थलांतरित झालेल्या चिनी लोकांवर १९९० च्या दशकातच अभ्यास झाले. माणूस इथे जितकी जास्त वर्षं राहतो, तितकं हे फीवर आणि दम्याचं प्रमाण वाढत जातं, असं त्यात दिसलं होतं. आपल्या लोकांत तर हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. पहिला वसंत मजेत. दुसऱ्या वर्षी थोड्या शिंका. तिसऱ्या-चौथ्या वर्षी उशाला टिश्यूचा खोका. माझं स्वतःचं वेळापत्रक अगदी हेच होतं.

आणि हे गवत आपल्या ओळखीचं नाही. आपण गवताच्याच देशातून आलोय, ज्वारी, बाजरी, ऊस, बांबू, सगळं गवतच. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हरळी, तिचेही परागकण हवेत असतात आणि तिचीही अ‍ॅलर्जी असते. पण हे सगळं घराणं वेगळं. रायग्रास हे थंड हवेतलं गवत, गहू-बार्लीच्या घराण्यातलं. गहू आपल्याकडे पिकतो, पण तो आपल्या फुलातल्या फुलातच काम उरकतो, वाऱ्यावर फारसं काही सोडत नाही. त्या फुटलेल्या स्टार्चच्या कणांवरचं जे मुख्य प्रथिन आहे, ते हरळीत नसतंच. त्यामुळे "मी गावाकडं शेतात वाढलोय, मला गवताचं काय सांगतोस" ह्या वाक्याला इथे काही अर्थ नाही. तुमच्या शरीराची ह्या गवताशी ओळख विमानतळावर उतरल्यावर सुरू झालीये.

आता आपल्या घरचा विषय. इथे मला खरा राग येतो.

आमच्या टीममध्ये एक जण होता, मूळचा कोल्हापूरचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. सीझनमध्ये रोज संध्याकाळी त्याच्या छातीत शिट्टी वाजायची. मीटिंगमध्ये एक वाक्य बोलायला दोनदा श्वास घ्यायचा. उपाय काय? आल्याचा चहा, ओव्याची पुरचुंडी, वाफ. शेवटी एकदा जिना चढून आल्यावर त्याला बोलताच येईना, तेव्हा आम्ही दोघांनी धरून त्याला डॉक्टरकडे नेला. दमा. डॉक्टरांनी रोज घ्यायचा पंप लिहून दिला. बाहेर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "घरी कोणाला बोलू नकोस. लग्नाचं बघतायत."

लग्नाचं बघतायत! आपल्याकडे साखर चालते, बीपी चालतं, चष्म्याचा नंबर सात असला तरी चालतो. पण 'दमा' म्हटलं की आजोबा खाटेवर उकिडवे बसून खोकतायत असंच चित्र डोळ्यासमोर येतं. त्यामुळे नाव घ्यायचं नाही. "अ‍ॅलर्जिक सर्दी आहे", "जरा कफाची प्रकृती आहे", "धुळीचा त्रास आहे". आणि पंप? "पंपाची सवय लागते." हे वाक्य मी डॉक्टर सोडून सगळ्यांकडून ऐकलंय. मावशीकडून, शेजाऱ्यांकडून, एमटेक झालेल्या सीनियरकडून. अरे बाबांनो, चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी डोळे मिटून गाडी चालवतं का? रोजच्या पंपातलं औषध श्वासनळीची सूज कमी ठेवतं. बंद केलं की सूज परत येते, कारण आजार तिथेच असतो. ह्याला सवय म्हणत नाहीत.

आणि पुन्हा तोच अभ्यास बघा. त्या दिवशी ३५ जण अतिदक्षता विभागात गेले. सगळ्यांना दमा होता. त्यांतले रोजचा प्रतिबंधक पंप घेणारे फक्त १२ होते. त्या ३५ पैकी पाच वाचले नाहीत. हे ३५ लोक सगळे भारतीय नव्हते, तेव्हा हा फक्त आपलाच दोष आहे असं मी म्हणत नाही. पण पंप न घेण्याला संस्कृतीचा मुलामा देण्यात आपला हात कोण धरणार?

हल्ली ह्या विषयावर बोललो की एक मुद्दा हटकून येतो. "परागकण म्हणजे निसर्ग. निसर्गाला प्रदूषण कसं म्हणायचं? प्रदूषण म्हणजे कारखाने, गाड्या." वरवर बिनतोड वाटतं. पण मग जंगलातल्या वणव्याचा धूर? २०१९-२० च्या उन्हाळ्यात इथे जंगलं जळाली तेव्हा एक्यूआय शेकड्यांत गेला होता, आणि कोणी म्हटलं नाही की धूर नैसर्गिक आहे, तेव्हा आकड्यातून वजा करा. वाळवंटातून उडून येणारी धूळही मोजतात. म्हणजे यंत्र 'नैसर्गिक' आणि 'कृत्रिम' असा भेद करतच नाही. ते फक्त आकार आणि वजन बघतं. परागकण आकाराने मोठे आणि वजनाने नगण्य, म्हणून वगळले गेले. त्याला नंतर निसर्गाचं तत्त्वज्ञान चिकटवू नका.

शिवाय रायग्रास इथलं निसर्गदत्त गवत नाहीच. ते युरोपातून आणलं, गुराढोरांना चरायला म्हणून पेरलं. मेलबर्नच्या पश्चिमेला आणि उत्तरेला जी मैलोन्‌मैल कुरणं आहेत, तिथलं मूळचं गवताळ रान आता नाममात्र उरलंय. उत्तरेचा वारा सुटला की त्या कुरणांवरून परागकण घेऊन तो शहरात येतो. दक्षिणेचा वारा समुद्रावरून येतो, तो बिचारा स्वच्छ. आणि शहर वाढतंय कुठे? स्वस्त प्लॉट कुठे? त्याच कुरणांच्या काठाला. आपण हौसेने चार बेडरूमचं घर बांधतो, मागच्या कुंपणाला लागून कमरेएवढं गवत डुलत असतं, आणि आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, "किती छान रे, हिरवंगार!"

दुसरा मुद्दा जरा शहाणा आहे, म्हणून त्याला उत्तर देतो. "एक्यूआय हा नियंत्रणासाठी असतो. कारखान्याला दंड करता येतो, गवताला कसा करणार? मग त्यात परागकण कशाला?" बरोबर, गवताला नोटीस पाठवता येत नाही. पण रोज सकाळी फोनवर दिसणारा तो आकडा नियंत्रणासाठी नसतो हो, तो माझ्यासाठी असतो. मी आज पळायला जाऊ का, मुलांना मैदानावर सोडू का, खिडकी उघडी ठेवू का, हे ठरवायला. त्याच्या पट्टीवर 'हवा चांगली, नेहमीचे व्यवहार करा' अशा अर्थाची ओळ लिहिलेली असते. ही ओळ आरोग्याचा सल्ला आहे. आणि परागकण 'एक्स्ट्रीम' असताना माझ्या टीममेटसाठी तो सल्ला सपशेल चुकीचा आहे.

व्हिक्टोरिया राज्यात आता सोय आहे, नाही असं नाही. परागकणांचा अंदाज वेगळा मिळतो, वादळी दम्याच्या धोक्याचा अंदाज वेगळा मिळतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, कमी-मध्यम-जास्त अशा तीन पायऱ्यांत, राज्याच्या नऊ विभागांसाठी, आजचा आणि पुढच्या दोन दिवसांचा. उत्तम काम आहे. पण हवेचा आकडा एका ठिकाणी आणि हे दुसऱ्या ठिकाणी. ज्याला आपल्याला हे फीवर आहे हे माहीत आहे तोच तिकडे जाणार. ज्याला "जरा सर्दी आहे" तो हिरवा आकडा बघून क्रिकेटला जाणार. माझी मागणी साधी आहे, एकाच पडद्यावर दोन्ही दाखवा. एक आकडा करायला जमत नसेल तर करू नका, घनमीटरला किती कण आणि घनमीटरला किती मायक्रोग्रॅम ह्यांची बेरीज होत नाही, हे मलाही कळतं. शेजारी शेजारी ठेवा. आणि परागकण लाल असताना वरच्या ओळीत 'हवा चांगली' लिहू नका.

मोजणं अवघड आहे, हेही मान्य. वर्षानुवर्षं ही मोजणी म्हणजे एक यंत्र मिनिटाला दहा लिटर हवा ओढणार, चिकट पट्टीवर कण बसणार, आणि मग कोणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एक-एक कण ओळखून मोजणार. हे गवत, हा सायप्रस, हा प्लेन ट्री. म्हणजे कालच्या हवेचा निकाल आज. पण स्वित्झर्लंडने २०२३ पासून देशभर आपोआप मोजणारी यंत्रं लावली आहेत, कॅमेरा आणि मशीन लर्निंगने कण ओळखतात, आकडा जवळपास ताबडतोब. तंत्र आहे. चेहरा बघून फोन उघडण्यावर आपण अब्जावधी उडवले, परागकण ओळखणं त्याहून अवघड नसावं.

आणि पुणेकरांनी इथे "बघा, शेवटी परदेशातही त्रास असतोच" म्हणून हात झटकू नयेत. गाजरगवत विसरलात काय? १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि तिथून देशभर पसरलं. ते वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने गवत नाही, सूर्यफुलाच्या कुळातलं झुडूप आहे, पण त्याच्या परागकणांनी नाक आणि कातडी दोन्हीची वाट लावलेले लोक घरोघरी सापडतील. सत्तरएक वर्षं हे तण आपल्या कंपाउंडला लागून उभं आहे. पुण्याच्या एक्यूआयमध्ये ते कुठे दिसतं? चंदीगडने २०२२ च्या सुमारास शहराचं परागकण-कॅलेंडर तयार केलं, कुठल्या महिन्यात कशाचे कण हवेत असतात त्याचं. म्हणजे आपल्याकडे होऊ शकतं. पुणे, नाशिक, नागपूरकरांच्या फोनवर रोजचा पीएम २.५ येतो, तसा रोजचा परागकणांचा आकडा यायला कोणी ना म्हटलंय?

बरं, "मग काय तीन महिने घरात बसायचं का?" असं विचारणाऱ्यांसाठी. अजिबात नाही. मी पळतो, क्रिकेट खेळतो, आणि सीझन सुरू व्हायच्या आधीपासून रोज नाकात स्टेरॉइडचा स्प्रे मारतो. स्टेरॉइड म्हटल्यावर दचकू नका, बॉडीबिल्डिंगवालं ते वेगळं. इथे राहून दर वसंतात शिंकत असाल, आणि एकदाही छातीत घरघर, रात्रीचा खोकला, धाप असं झालं असेल, तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच जीपीकडे जा आणि सरळ शब्दांत विचारा: मला दमा आहे का? 'सर्दी' शब्द वापरू नका. दमा निघाला तर नुसत्या निळ्या पंपावर भागवू नका, रोजच्या पंपाचं विचारा, आणि झटका आला तर काय करायचं ते कागदावर लिहून घ्या. धोका 'जास्त' असेल त्या दिवशी वादळ यायच्या आधी, विशेषतः तो पहिला गार वारा सुटायच्या आधी, घरात जा, खिडक्या लावा, एसी बाहेरची हवा ओढत असेल तर बंद करा. गच्चीत उभं राहून रील काढायची ती वेळ नाही.

आणि ज्यांनी हे घरच्या घरी लपवलंय त्यांना एक. धाप लागलेल्या माणसाच्या शेजारच्याला माहीत असावं लागतं. तुमच्या फ्लॅटमेटला, टीममेटला, बायकोला. पंप कुठे आहे, कसा द्यायचा. इथे शिकवतात ते सोपं आहे: माणसाला ताठ बसवा, निळ्या पंपाचे चार फवारे स्पेसरमधून, एका वेळी एक, प्रत्येक फवाऱ्याला चार श्वास, मग चार मिनिटं थांबा. फरक नाही पडला तर तीन शून्य फिरवा आणि अँब्युलन्स येईपर्यंत हेच करत राहा. माणसाला बोलताच येत नसेल, तर चार मिनिटंही थांबू नका, आधी फोन.

दिवाळी दर वर्षी बरोब्बर ह्या सीझनमध्ये येते. मैदानावर मेळा, कुरणाकडून येणारा वारा, चार-पाचशे माणसं, आणि प्रत्येक शिंकेला "फटाक्यांचा धूर लागला वाटतं" असं स्पष्टीकरण तयार. आमच्या इकडच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी गेल्या आठवड्यात लिहिलं, की फर्स्ट-एडच्या पेटीत एक निळा पंप आणि दोन स्पेसर ठेवू, दोन्ही केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळतात. उत्तरात एका काकांनी लिहिलं, "कशाला अपशकुन?" पण त्याच संध्याकाळी तीन जणांचे वेगवेगळे मेसेज आले, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. तिघांनीही विचारलं होतं की जीपीला नेमकं काय सांगायचं, आणि तिघांनीही शेवटी लिहिलं होतं, कोणाला बोलू नकोस. पंप आणि स्पेसर मी विकत आणलेत. पेटी फराळाच्या टेबलाशेजारी असेल, चकल्यांच्या बाजूला.